जुन्या घराचं वय कसं काढावं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या घराबद्दल विचारलं की "दोनशे वर्षांचं आहे" हे उत्तर हमखास मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. पणजोबांच्या आधीपासून आहे, एवढंच त्याने ऐकलेलं असतं. घर स्वतः मात्र याहून बरंच नेमकं सांगतं. वीट, चुना, लाकूड, कौल, लोखंड, फरशी यांतली प्रत्येक वस्तू आपल्याकडे कधीतरी पहिल्यांदा आली आणि कधीतरी मिळेनाशी झाली. ते काळ ठाऊक असतील तर अर्ध्या दिवसाच्या पाहणीत घराचा काळ वीस-तीस वर्षांच्या टप्प्यात आणता येतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी तर हे करायलाच हवं. मातीत बांधलेल्या भिंतीला जे मानवतं ते काँक्रीटच्या घराला मानवत नाही, आणि उलटही तेवढंच खरं.

सगळ्या पाहणीत एक नियम धरून ठेवायचा: वस्तू फक्त "याच्या आधी नाही" एवढंच सांगते. १८६५ नंतर निघालेलं कौल घरावर दिसलं म्हणजे ते छप्पर १८६५ नंतरचं, बस. घर त्याहून शंभर वर्षं जुनं असू शकतं. कौलं, फरश्या, दारं आणि रंग पिढीपिढीला बदलतात. जोतं, जाड भिंती आणि खांब-तुळयांची मांडणी सहसा बदलत नाही. म्हणून घर खालून वर वाचत जायचं, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती मूळची की मागाहून आलेली हे लिहायचं.

सोबत मीटर टेप, चांगली टॉर्च, भिंग, जुनी किल्ली, काचेचा पेला आणि वही घ्या. दिवस कोरडा असावा. ओल्या भिंतीवर चुना आणि सिमेंट दोन्ही सारखेच करडे दिसतात.

आधी खण मोजा

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. पेशवाईतला वाडा खणांतच मोजला जाई: पाच खणी ओसरी, सात खणी सोपा. हे अंतर बहुधा पाच ते आठ फुटांत असतं, कारण त्याहून लांब लाकडी कडी वजनाने झोळ खाते. टेप लावून सगळ्या चौकाचे खण मोजा. ते एकसारखे निघाले तर चौक एका वेळी बांधलेला आहे. मध्येच एक खण अरुंद किंवा रुंद झाला असेल तर बहुतेक तिथे घर वाढवलं आहे किंवा भाऊवाटणीत तोडलं आहे. खणाचा हिशेब लागतच नसेल आणि खोल्या सरळ १० बाय १२ फुटांच्या निघत असतील, तर फुटात काम करणाऱ्या इंग्रजी अमदानीतल्या मिस्त्रीचा हात समजावा.

घराचा आराखडाही काळ सांगतो. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, भोवती ओसरी, आत माजघर आणि देवघर, रस्त्याकडे तळमजल्यावर जवळजवळ आंधळी भिंत हा असुरक्षित काळातला वाडा. १८१८ नंतर हळूहळू तीच घरं रस्त्याकडे उघडू लागली: वरच्या मजल्याला सज्जा आला, खिडक्या मोठ्या झाल्या, तळमजल्यावर दुकानाचे गाळे निघाले. चौक नाही, पुढे व्हरांडा, मध्ये दिवाणखाना आणि चहूबाजूंनी मोकळी जागा असेल तर तो बंगला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या भागात १९३०-४० च्या दशकांत असे पुष्कळ उभे राहिले. दारांपुढून जाणारी लांब गॅलरी, प्रत्येकी एक-दोन खोल्या आणि टोकाला सामाईक संडास म्हणजे चाळ.

जोतं आणि भिंत

जोतं हा घरातला सगळ्यात टिकाऊ भाग. शनिवारवाड्यात गेलं की हे डोळ्यांनी दिसतं: १८२८ च्या आगीत वरचं लाकूडकाम जळून गेलं, घडीव दगडाची जोती मात्र आजही जागेवर आहेत. म्हणूनच जोत्यावरून वरच्या घराचं वय काढण्यात धोका आहे. जुन्या जोत्यावर नवं घर उभं करणं ही सर्रास चाल होती. जोत्याच्या दगडांवर आता कोणताही खांब नसलेले तळखडे, म्हणजे खांबाखाली बसवायचे दगड, दिसले, किंवा भिंत जोत्याच्या कडेपासून विनाकारण आत सरकलेली दिसली, तर वरचं घर दुसऱ्यांदा बांधलेलं आहे.

भिंत कशात बांधली आहे ते पाहायला गिलावा उडालेली जागा शोधा. जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या मागे ती सापडतेच. सांध्यातला सुपारीएवढा तुकडा काढून पेल्यातल्या पाण्यात टाका. दहा-पंधरा मिनिटांत तो विरघळून तळाशी बसला तर माती. तसाच राहिला, पण काढून किल्लीने ओरखडल्यावर पांढरी भुकटी पडली आणि भिंगातून आत पांढरे खडे दिसले, तर चुना. ते न विरलेले चुन्याचे दाणे ही जुन्या पद्धतीने मळलेल्या चुन्याची खूण आहे. गुलाबी छटा असेल तर विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली आहे. तुकडा करडा, एकजीव आणि किल्लीला दाद न देणारा असेल तर सिमेंट. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट १९१४ मध्ये निघू लागलं, पण सामान्य माणसाच्या भिंतीत ते बहुतेक ठिकाणी १९३० नंतरच आलं. खेड्यांत त्याहूनही उशिरा.

विटेची जाडी मोजा. दोन इंचांच्या आसपासची किंवा त्याहून पातळ, पसरट, कडा वाकड्यातिकड्या असलेली वीट जुन्या पद्धतीची. ९ बाय ४॥ बाय ३ इंच ही इंग्रजी मापाची वीट. विटेच्या पाठीवर खोलगट खाच आणि तीत भट्टीवाल्याची अक्षरं असतील तर ती बहुधा विसाव्या शतकातली.

देशावर वरच्या मजल्याच्या भिंती बहुधा भेंड्यांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, किंवा थेट पांढरीच्या मातीच्या असतात. इथे एका चुकीपासून सावध राहा. ही माती गावातल्या जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या, टेकाडातून खणून आणत. तिच्यात शेकडो, कधी हजारो वर्षांपूर्वीची खापरं असतात. भिंतीत काळं-तांबडं खापर सापडलं म्हणून घर सातवाहनांच्या काळातलं ठरत नाही. ते टेकाड तेवढं जुनं.

कोकणात प्रश्न सोपा आहे. जांभ्याच्या चिऱ्यावर तिरप्या, तुटक, हाताने मारलेल्या छिन्नीच्या खुणा असतील तर तो हातचा चिरा. एकसारख्या गोलाकार रेघा असतील तर यंत्राने कापलेला, म्हणजे अलीकडच्या काही दशकांतला.

लाकूड

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. वाड्याचा भार भिंतीवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो; भिंत बहुतेक नुसतं भरण असते. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर जवळजवळ ठेवलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर हा कडीपाट. खालून फळ्यांची कोरीव तक्तपोशी मारलेली असेल तर घर पैसेवाल्याचं होतं, एवढंच कळतं. वय त्यातून कळत नाही.

खांबाच्या घडणीवरून मात्र बरंच उमगतं. खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब, दोन खांबांमध्ये पाकळ्यांची महिरप आणि तिच्यातून उलटं लोंबणारं केळफूल ही पेशवाईची भाषा आहे. डोळा बसवायला पुण्यातला विश्रामबागवाडा, नानावाडा आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून या. नानांचे दोन्ही वाडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, विश्रामबाग १८०७ च्या सुमाराचा. या तिन्हींतलं काम एकदा बारकाईने पाहिलं की नंतरच्या नकला लगेच वेगळ्या पडतात. नकलेत महिरप पातळ फळीची कापलेली असते, मागून हात लावला की कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खांब साधा चौकोनी झाला आणि त्याच्या कडा तासल्या जाऊ लागल्या. वळचणीला लाकडी झालर आली, कठड्याला कातीव दांडे किंवा बिडाच्या जाळ्या आल्या.

आता टॉर्च लाकडाला चिकटून आडवी धरा. उथळ, वाटीसारखे लहान खळगे म्हणजे वाकसाने, सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासलेलं लाकूड. सरळ पण कमी-जास्त अंतराच्या रेघा म्हणजे दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या. एकसारख्या कमानी म्हणजे गिरणीतलं गोल पातं. कमानी दिसल्या की ते लाकूड पेशवाईतलं नाही, हे पक्कं.

लाकडाची सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे त्याचा पुनर्वापर. सागवान महाग, पडलेल्या वाड्याच्या तुळया नव्या घरात जाणं हीच रीत होती. तुळईवर रिकाम्या खाचा, कशालाच न जोडलेली भोकं किंवा भिंतीत अर्धवट गेलेलं कोरीवकाम दिसलं तर ती तुळई दुसरीकडून आलेली आहे. अशा तुळईचं वय घराच्या हिशेबात धरायचं नाही. खिळे आणि स्क्रूही पाहा: चौकोनी, ठोकून केलेला खिळा जुना, गोल तारेचा खिळा बहुधा विसाव्या शतकातला. टोकदार स्क्रू इंग्लंडातल्या कारखान्यांतच १८५० च्या सुमारास निघू लागले, तेव्हा मूळ बिजागरीत ते असतील तर दार त्यानंतरचं.

छप्पर

हातांनी थापलेली नळीची कौलं बांबूच्या कामट्यांवर सैल पसरलेली असतात आणि दर पावसाळ्याआधी शाकारणी मागतात. त्यांची जागा मंगलोरी कौलांनी घेतली. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला जेप्पू इथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. आगबोट आणि आगगाडीने ती कौलं किनाऱ्यावर आणि मग देशावर पोचली.

कौल उलटं करून शिक्का वाचा, पण शिक्क्यातल्या सालावर भुलू नका. "१८६५" हे कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे आणि ते पुढे कित्येक दशकं छापलं जात होतं. साल सोडून नाव वाचा. नाव बासेल मिशनचं असेल तर कौल बहुधा पहिल्या महायुद्धापर्यंतचं. युद्धात मिशनची मालमत्ता सरकारजमा झाली आणि नंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा ते नाव असेल तर कौल त्यानंतरचं. एकाच छपरावर चार कारखान्यांची कौलं सापडणं नेहमीचंच आहे, म्हणून दोन-चार न पाहता वेगवेगळ्या कोपऱ्यांतली निदान वीस पाहा. बहुसंख्य ज्या कारखान्याची, त्या काळातलं ते छप्पर. बाकीची फुटीच्या बदल्यात बसवलेली.

मंगलोरी कौलाला रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, सुमारे साडेबारा इंचांवर लागतात आणि शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं. वाशांच्या पाठीवर रिपांच्या खिळ्यांखेरीज कामट्या बांधल्याचे जुने, दाट घासल्याचे वळ दिसले तर छप्पर आधी नळीच्या कौलांचं होतं आणि सांगाडा कौलांहून जुना आहे. वय काढताना ही खूण सोन्यासारखी आहे.

सोलापूर आणि मराठवाड्याकडे उताराचं छप्परच नसतं. तिथे माळवद: तुळया, त्यांवर बारीक काटक्या, पाला आणि फूट-दीड फूट माती. दर काही वर्षांनी वर नवी माती पडते, जुनी काढली जात नाही, आणि वजन वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हेच वजन आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती हजारो माणसांच्या जिवावर उठल्या. दगड भिंतीच्या दोन्ही तोंडांना सांधणारे नव्हते, त्यामुळे भिंती मधोमध उकलून बाहेर कोसळल्या. लाकडी खांबांवर माळवद पेललेलं होतं अशा घरांत भिंत पडूनही छत उभं राहिल्याचं दिसलं. लातूर-धाराशिव भागात घराचं वय काढताना १९९३ ही पहिली रेघ. माळवदाच्या घरात राहत असाल तर मातीचा थर कडेला भोक पाडून मोजा. दीड फुटाच्या वर गेला असेल तर वाढीव माती उतरवण्याचं काम रंगरंगोटीच्या आधी करा.

लोखंड, फरशी आणि उंबरा

तुळईच्या जागी आय आकाराचा लोखंडी गर्डर दिसला तर त्याच्या उभ्या पोटावर टॉर्च फिरवा. कारखान्याचं नाव उठावात असतं. डॉर्मन लाँग असेल तर माल विलायती. टाटा असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी पहिल्यांदा निघालं. गर्डरांवर दगडी लाद्या आणि वर कोबा ही लादीकोब्याची जमीन मुंबईच्या जुन्या इमारतींत सर्वत्र आहे. तिथे पोट नव्हे, भिंतीत गेलेलं टोक तपासा. ओल तिथे राहते आणि गर्डर तिथेच गंजून पातळ होतो.

काँक्रीट उडालेलं असेल तर आतली सळई पाहा. साधी गोल गुळगुळीत सळई ढोबळमानाने १९७० च्या आधीची, पिळाची त्यानंतरची, आडव्या बरगड्यांची टीएमटी त्याहून अलीकडची.

फरशीचा क्रम असा: शेणाने सारवलेली जमीन, मग शहाबादी, मग नक्षीदार सिमेंट टाईल, मग मोझेक. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वाडी-शहाबादवरून रायचूरपर्यंत १८७१ मध्ये पुरा झाला, आणि शहाबादी फरशी स्वस्तात पुण्या-मुंबईत येऊ लागली ती त्यानंतर. नक्षीदार टाईल आधी परदेशी असे. देशी कारखान्यांपैकी भारत टाईल्स १९२२ मध्ये स्वदेशीच्या जोरावर सुरू झाला. पण फरशी हा घराचा कपडा आहे. खरी खूण उंबऱ्यात आहे. जुना उंबरा चांगला सहा-आठ इंच वर असे. आज तो दोनच इंच वर दिसत असेल आणि दाराची खालची कड कापलेली असेल, तर फरशीवर फरशी चढत गेली आहे. कोपऱ्यातली एक सैल फरशी उचलली की सगळे थर एकाखाली एक मिळतात.

नवं म्हणजे पुढारलेलं आणि जुनं म्हणजे साधं, हा समज मात्र सोडावा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतची घरं मिळाली. आधीची मोठी, आयताकृती, एक तर पाच खोल्यांचं. शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं होऊन हलाखी आली तेव्हाची म्हणजे लहान, गोल झोपड्या. तुमच्या गल्लीतही हेच होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, वाड्यांच्या ओसऱ्या अर्ध्या विटेच्या आणि पत्र्याच्या भिंतींनी तोडून बिऱ्हाडं झाली. त्या भिंती घराचा भाग नाहीत. मोजमापातून त्या वजा करा, मगच मूळ घर दिसेल.

लेख आणि कागद

गणेशपट्टीवर (दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर), तुळशीवृंदावनावर किंवा आडाच्या काठावर शक कोरलेला असतो. शकात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. आकडा झिजला असेल आणि संवत्सराचं नाव वाचता येत असेल तरी काम होतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा; बाकी १ उरली तर प्रभव, २ उरली तर विभव, याप्रमाणे. समजा "शके १८?२ विकृतिनाम संवत्सरे" एवढंच दिसतं. विकृति चोविसावा. १८१२ मध्ये १२ मिळवले की १८२४, बाकी २४. म्हणजे शके १८१२, इसवी १८९०-९१. मात्र साठ वर्षांनी तेच नाव परत येतं: शके १८७२, म्हणजे इसवी १९५०-५१, हाही जुळतो. दोहोंतला कोणता, ते घराच्या बाकीच्या खुणांवरून ठरवा. फक्त हे लक्षात ठेवा की वृंदावन घराआधीचं किंवा नंतरचं असू शकतं.

कागदांत शहरी घराला सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि दोन्हीकडे जुनी खरेदीखतं व वाटणीपत्रं. खतातल्या चतु:सीमा आणि खणांची संख्या तुमच्या मोजमापाशी ताडून पाहा. मोडी असेल तर वाचकाकडून फक्त तारीख आणि घराचं वर्णन आधी काढून घ्या, बाकी नंतर. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागू असलेल्या, इमारतीचा वर्ग विचारा: 'अ' म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, 'ब' ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची, 'क' ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. पुण्यात नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने मातीच्या भिंती विरघळवल्या. तिथल्या घरात खालचा भाग सिमेंटचा आणि वरचा कडीपाटाचा दिसला तर आधी पुराचा विचार करा.

हिशेब मांडताना

वहीत तीन रकाने करा: वस्तू, "याच्या आधी नाही" ते साल, मूळची की मागाहूनची. समजा घडीव काळ्या दगडाचं जोतं, पातळ विटा मातीत, वाकसाच्या खुणा असलेले सारख्या खणांचे सुरूदार खांब, वाशांवर कामट्यांचे वळ, वर बासेल मिशनची कौलं, शहाबादी फरशी, मागच्या सोप्यात टाटाचे दोन गर्डर आणि सिमेंटचा गिलावा. तर मूळ घर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं किंवा त्याआधीचं, छप्पर बहुधा १८६५ ते १९१४ च्या दरम्यान बदललेलं, फरशी १८७१ नंतरची, मागचा सोपा १९१२ नंतरचा. एका घरात तीन घरं निघाली, आणि तिघांची दुरुस्ती वेगळी.

यात सगळ्यात नुकसान करतो तो सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते, भिंत दोन-चार फुटांपर्यंत भुसभुशीत होते आणि भिंतीत दडलेल्या खांबाचा पाय कुजतो. बाहेरून सगळं छान दिसतं. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे तो सुटलेला आहे. तेवढा भाग पावसाळा संपल्यावर काढा, भिंत निदान दोन महिने उघडी वाळू द्या, आणि मग एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू या प्रमाणात दोन पातळ थर द्या, प्रत्येकी अर्ध्या इंचाच्या आत. पहिला थर आठवडाभर पोत्याने ओलसर ठेवल्याशिवाय दुसरा चढवू नका. घाईने सुकलेला चुना भेगाळतो आणि दोष चुन्याला दिला जातो. खांबाचा पाय मात्र गिलावा काढला त्याच दिवशी दाभणाने टोचून पाहा. दाभण पाऊण इंच सहज आत गेलं तर तुळईला टेकू लावल्याशिवाय त्या भिंतीला हात लावायचा नाही.